भोंग्याच्या घरातली शांतता

डॉक्टरीणबाईंनी पाठीमागून टाळी वाजवली आणि खुर्चीत बसलेली भोंग्याची बायको जागच्या जागी ताठ झाली. मान मागे, हात छातीशी आवळलेले, पाय समोर सरळ. ती खुर्चीवरून घसरायला लागली तसा भोंगा धावला. त्यानं तिला दोन्ही हातांनी धरलं आणि गरजला, "अहो, काय चाललंय काय तुमचं? माणूस आहे ती!"

त्या गरजण्यानं ती पुन्हा ताठली, पहिल्यापेक्षा जास्त.

"बाबा, हळू!" मुलीनं त्याचा दंड ओढला.

"माफ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला हेच बघायचं होतं. आता नाही वाजवणार."

यातलं भोंग्याला अक्षरही ऐकू आलं नाही. त्यानं फक्त बाईंचे ओठ हलताना पाहिले आणि राग गिळला. बायकोचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. हळूहळू ती सैल झाली, तेव्हा त्यानं तिला परत खुर्चीत बसवलं.

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव विचारलं असतं तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना डोकं खाजवावं लागलं असतं. उभा जन्म त्यानं ठोकर लागून चेपलेल्या गाड्या सरळ केल्या. दार असो, बॉनेट असो, कितीही पिचलेला पत्रा असो, हा ठोकून पूर्ववत करणार. आता पत्र्यावर हातोडा घालायचा म्हणजे आवाज आलाच, आणि तो आवाज रोज कानात घ्यायचा म्हणजे एक ना एक दिवस कान संपावर जाणारच. कान गेले तसा गळा चढला. स्वतःचं बोलणं स्वतःला कळावं म्हणून माणूस मोठ्यानं बोलतो, त्यात त्याचा काय दोष? पण त्यानं बायकोला "आज भाजी कसली?" विचारलं की समोरच्या इमारतीतल्या बायका उत्तर द्यायच्या. असा हा भोंगा. आणि नशीब बघा, बायकोला आजार कुठला जडावा, तर आवाज सहन न होण्याचा.

वर्षभर आधीपासून तिची मान आखडत होती, मग पाठ, मग हात. एका डॉक्टरनं झोपताना मान अवघडली म्हटलं, दुसऱ्यानं वय झालं म्हटलं, तिसऱ्यानं झोपेच्या गोळ्या दिल्या आणि जास्त विचार करू नका म्हणाला. मेहुणीनं तर तोंडावरच विचारलं, "ताई, घरात काही कुरबुर आहे का गं?" बायको रस्ता ओलांडताना मध्येच खांबासारखी उभी राहायची. मागून कुणी हॉर्न वाजवला की आणखीच थिजायची. पडायची तर अशी की हातही पुढं यायचे नाहीत, सरळ फळी आडवी व्हावी तशी. कपाळावर दोनदा टाके पडले, तेव्हा कुठं कुणाला तरी सुचलं, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून.

आता त्या डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या आणि मुलगी बापाच्या कानाशी तोंड नेऊन तेच पुन्हा सांगत होती.

"आपल्या शरीरात रोगाशी लढणारी फौज असते ना," बाई म्हणाल्या, "ती कधी कधी आपल्याच माणसांवर उठते. स्नायूंना 'आता सैल हो' म्हणून सांगणारी जी व्यवस्था असते, तिच्यावरच हिच्या फौजेनं हल्ला केलाय. त्यामुळे स्नायूंना आवळायचं कळतं, सोडायचं कळत नाही. आवाज झाला, धक्का लागला, मनाला काही लागलं, की आवळलेच. फार क्वचित होणारा आजार आहे. पूर्वीच्या डॉक्टरांना कळला नाही, त्याचं मला नवल नाही वाटत."

"मनाचं नाही ना मग?" बायकोनं विचारलं.

"मुळीच नाही."

बायकोनं डोळे मिटले. रोग निघाला म्हणून एखाद्याला हायसं वाटावं, अशी वेळ तिच्यावर आली होती.

"पण एक आहे," बाई पुढं म्हणाल्या. "हिच्या रक्तात जे सापडलंय, ते असलं की मागं बहुतेक दुसरं काहीतरी दडलेलं असतं. फौज निघते खऱ्या शत्रूला मारायला आणि वाटेत आपल्यांनाही मारते. छातीची तपासणी लगेच करून घेऊ."

मुलगी बापाच्या कानाशी तोंड न्यायची थांबली. भोंगा तिच्याकडं बघत राहिला. "काय म्हणतात? अगं, सांग की!"

"बाबा, गाठ आहे का बघायचं म्हणतात."

"गाठ? कुठली गाठ?"

हे बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी ऐकलं. आणि बायको पुन्हा ताठ झाली.

गाठ होती. छातीत डाव्या बाजूला, खोलवर, हाताला न लागणारी. ती काढली, औषधं झाली, केस गेले, आणि मधले काही महिने बायको थोडी सैलही पडली. स्वतःच्या हातानं जेवायला लागली. भोंग्यानं गल्लीभर सांगितलं की आता आम्ही जिंकलो. मग पाठ दुखायला लागली. हे दुखणं वेगळं होतं. तपासणीत कळलं की गाठीचा रोग कण्यात आणि खुब्याच्या हाडात जाऊन बसलाय. डॉक्टरीणबाईंनी या वेळी मुलीला बाजूला घेतलं नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो भोंग्याच्या हातात दिला: "हाडं पोकळ झाली आहेत. जोराचा झटका आला तर मोडतील. घरात आवाज नको."

भोंग्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि कामाला लागला. हात हलवले की त्याला बरं वाटायचं. घराखालीच त्याचं वर्कशॉप होतं. ते त्यानं बंद केलं आणि सगळी हत्यारं रस्त्याच्या टोकाला पेंटरच्या शेडमध्ये हलवली. पेंटर त्याचा जुना जोडीदार. यानं पत्रा सरळ करायचा, त्यानं रंग मारायचा, असा दोघांचा जन्म गेलेला. मग भोंग्यानं घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीला गाडीच्या दारांचं रबर चिकटवलं. बेल काढून टाकली. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातले. स्टीलची भांडी माळ्यावर गेली आणि प्लास्टिकची खाली आली. मुलगी वाचनालयात नोकरीला होती. ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडं एवढी शांतता असती तर मला बढती मिळाली असती."

सगळ्याचा बंदोबस्त झाला. राहता राहिला भोंगा.

तो कुजबुजायचा प्रयत्न करायचा. स्वयंपाकघरात मुलीला समोर उभी करून सराव करायचा. "चहा घेणार का?" तो जमेल तितकं हळू म्हणायचा.

"बाबा, ही कुजबुज नाही, ही दवंडी झाली."

"चहा घेणार का?"

"आता तर समोरच्या काकूपण येतील चहाला."

दोघं हसायची, पण आवाज न करता. खरं सांगायचं तर भोंग्याला आपला आवाज किती मोठा आहे हे कळायला मार्गच नव्हता. ज्याला पाणी किती तापलंय ते दिसत नाही, त्यानं ज्योत किती कमी करावी?

मग ती दुपार आली. बायको भिंतीला धरून खिडकीपर्यंत चालत होती. तेवढं चालणं तिचं अजून शिल्लक होतं. भोंगा दारात उभा राहून बघत होता. तिचा पाय चटईच्या कडेत अडकला हे त्याला दिसलं. मध्ये सगळी खोली होती. धावून पोचणं शक्य नव्हतं, आणि माणसाच्या तोंडून अशा वेळी जे निघतं तेच निघालं.

"अगं, सांभाळ!"

चटईतून पाय कदाचित तिनंच सोडवला असता. पण त्या आवाजानं ती ताठली आणि होती तशी आडवी झाली. खुबा मोडला.

हॉस्पिटलमधून परत आणल्यावर ती पुन्हा उठली नाही. आणि भोंगा घरात पुन्हा बोलला नाही. तोंडातून ब्र नाही. त्याला कुणी शिक्षा दिली नव्हती, बायकोनं तर चकार शब्द काढला नव्हता. त्याचं त्यानंच ठरवलं. घराच्या पायरीवर चपला काढायच्या तशी जीभ काढून ठेवायची आणि आत यायचं. शेडमध्ये गेला की तो घरात तुंबलेलं सगळं पेंटरच्या अंगावर ओतायचा. पेंटरनं कानात कापूस घालून घेतला होता.

संध्याकाळी मुलगी स्वयंपाकाला लागली की भोंगा बायकोजवळ बसायचा. तिच्या पाठीखाली उशा सरकवायचा, पाय थोडे वर करायचा. हात लावायच्या आधी तो हात तिला दाखवायचा, कारण अवचित स्पर्शानंही ती आवळायची. मग सावकाश तो हात टेकायचा. तो बसला की ती डोळे मिटून घ्यायची आणि तिचा चेहरा जरा निवायचा, सैल व्हायचा. ते बघून भोंग्याला वाटायचं, चला, आपल्या जवळ असण्यानं हिला आराम तर पडतो. दिवसात तेवढाच एक तास त्याला आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटायचं.

पण बायकोची तक्रार होतीच. मुलीच्या तोंडून ती पोचायची. "आई म्हणते, घरात कुणी मेलंय का? बाबांना म्हणावं, काहीतरी बोला. तुमच्या आवाजाशिवाय घर खायला उठतं."

"बोलू कसा?" भोंग्यानं हातानंच विचारलं.

उपाय पेंटरनं सुचवला. "अरे भोंग्या, स्वतःचा आवाज तुला ऐकू येत नाही म्हणून तुला आवरता येत नाही. बरोबर? मग कानाचं मशीन लाव की."

"मी नाही लावणार. म्हातारा दिसेन."

"मग आत्ता काय नवरदेव दिसतोस?"

भोंगा गेला. मशीनवाल्यानं काचेच्या छोट्या खोलीत बसवून कान तपासले, उजव्या कानात मशीन बसवलं आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," भोंगा म्हणाला आणि दचकून खुर्चीतून उठला. "हा कोण बोलला?"

"तुम्हीच."

"मी असा बोलतो?" इतक्या वर्षांत बायकोनं हे रोज ऐकलं होतं आणि एकदाही म्हटलं नव्हतं की अहो, पुरे. त्यानं तिथंच बसून पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. चहा घेणार का. चहा घेणार का. मशीनवाला कंटाळला, पण शेवटी जमलं. अगदी साधा, घरातल्या घरात पुरेल एवढा आवाज.

तो जवळजवळ पळतच घरी आला. भर दुपारची वेळ होती, मुलगी सुट्टीवर होती. दारात चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. पंख्याचा आवाज येत होता. नळ गळत होता. आपल्या घरातला नळ गळतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि आणखी एक आवाज होता. खालच्या पट्टीतला, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. त्याला वाटलं फ्रिज असेल. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं फ्रिजवर हात ठेवला. फ्रिज गप्प होता.

तो आवाज खोलीतून येत होता. त्यानं फटीतून पाहिलं. बायको भिंतीकडं तोंड करून पडली होती, एकटी. प्रत्येक श्वास बाहेर पडताना तो आवाज तिच्या घशातून निघत होता. अं... अं... त्यात रडणं नव्हतं, हाक नव्हती. नुसतं कण्हणं. जनावराचं असतं तसं.

भोंगा परत स्वयंपाकघरात आला. मुलगी कपडे घड्या करत होती.

"हे कधीपासून चालतं?" त्यानं विचारलं.

मुलीनं झटकन वर पाहिलं. आधी तिला त्याच्या हळू आवाजाचं आश्चर्य वाटलं, मग कानातलं मशीन दिसलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की बाबांनी काय ऐकलं ते. हातातला टॉवेल तिनं तसाच खाली ठेवला.

"बाबा... पहिल्यापासून."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तिनं नको म्हटलं. माझ्यासमोर ती आवरून धरते. मावशीसमोर, नर्ससमोर, सगळ्यांसमोर. सगळ्यांची तोंडं बघून तिलाच वाईट वाटतं. संध्याकाळी तुम्ही जवळ बसता ना, तेव्हा तेवढी मोकळी कण्हते. म्हणते, यांना ऐकू येत नाही ते देवानं बरं केलं. माणूस जवळ पण असतो आणि मला गप्पही बसावं लागत नाही."

त्या संध्याकाळच्या तासाला भोंगा आपल्या हातचा गुण समजत होता. तो हाताचा नव्हताच, तो बहिऱ्या कानांचा होता.

पण आणलेलं मशीन काही लपवता येईना. तोंड धुऊन तो खोलीत गेला. त्याची चाहूल लागताच कण्हणं थांबलं होतं. तो तिला दिसेल असा उभा राहिला आणि म्हणाला, "चहा घेणार का?"

बायको बघत राहिली. "कोण बोललं?"

"मीच."

"परत बोला."

"चहा घेणार का म्हटलं."

"अगंबाई!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठ मात्र हसत होते. "तुमचा आवाज चांगला आहे हो. मला कधी कळलंच नाही."

पुढचे दिवस म्हटलं तर चांगले गेले. भोंगा शेडमधून लवकर यायचा आणि बोलत बसायचा. कुणाची गाडी कुणी कशी ठोकली, पेंटरनं हिरव्याऐवजी निळा रंग कसा फासला, गिऱ्हाईक कसं भडकलं. ती ऐकायची, मध्येच सुधारायची, "तो नव्हे, त्याचा भाऊ." एकदा त्यानं विचारलं, "तुला माझ्या ओरडण्याचा त्रास नाही का झाला गं इतकी वर्षं?"

"सुरुवातीला झाला. लग्नानंतर पहिले काही दिवस मला वाटायचं, हा माणूस माझ्यावर कायम चिडलेला असतो. मग कळलं, तुम्ही लाडसुद्धा ओरडूनच करता."

"मग सांगायचं नाही?"

"सांगायचं काय त्यात? बाजारात गर्दीत हरवले तरी तुम्ही कुठं आहात ते कळायचं."

असं ती बोलायची. पण भोंग्याचे कान आता जागे होते आणि त्यांना दुसरंच काहीतरी ऐकायचं होतं. तो बोलता बोलता थांबायचा आणि वाट बघायचा. कण्हणं येत नव्हतं. बारीकसं सुद्धा नाही. तिची बोटं चादरीत रुतलेली असायची, वरच्या ओठावर घाम साचलेला असायचा, जबड्याचं हाड गालातून दिसायचं, आणि तोंडावर मात्र 'मग पुढं काय झालं?' असा भाव. तिची एकमेव मोकळी जागा भोंग्यानं स्वतः जाऊन बंद करून आणली होती.

"दुखत असेल तर कण्ह की," तो एकदा म्हणाला. "मी कुणी परका आहे का?"

"मला कुठं काय दुखतंय?"

"अगं, मी ऐकलंय."

"एखाद्या वेळी असेल." तिनं विषय मोडला. "तुम्ही एवढं छान बोलायला शिकलात, आता मी काय रडगाणं लावू?"

त्या आठवड्यात झटके वाढले. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. दुखणं दाबून धरलं की स्नायू जास्तच आवळतात, म्हणाल्या. औषधं वाढवली. ती वाढवायलाही आता फार जागा नव्हती, कारण जास्त दिली तर श्वास मंदावला असता. जाताना दारात भोंग्यानं विचारलं, "बरी होईल का?" त्याला उत्तर माहीत होतं, पण मशीन लावल्यापासून त्यानं ते स्वतःच्या कानानं ऐकलं नव्हतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "आता त्रास जितका कमी करता येईल तितका करायचा. एवढंच आपल्या हातात आहे."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्यानं एका गाडीचं दार समोर घेतलं आणि हातोडा न उचलता तसाच बसला. पेंटर स्टूल ओढून समोर बसला.

"बोल."

भोंग्यानं सांगितलं. अगदी हळू आवाजात, सगळं. पेंटरनं सवयीनं घातलेला कापूस काढून ऐकलं.

"मग काढून टाक ना मशीन," पेंटर म्हणाला.

"काढलं की बोलता येणार नाही. एक शब्द जरी निसटला आणि झटका आला तर तिचा कणा जाईल. खुबा गेलाय तो माझ्याच तोंडानं."

"म्हणजे मशीन ठेवलं तर तू बोलणार आणि ती कण्हायची नाही. काढलं तर ती कण्हेल आणि तू बोलायचा नाहीस."

"तेच तर सांगतोय मघापासून."

पेंटरनं हातातला कापूस वळून वळून बारीक केला. मग म्हणाला, "मला नको विचारू रे भोंग्या. मला हे झेपणारं नाही."

त्या संध्याकाळी भोंगा नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. आज काहीतरी मोठं, लक्षात राहण्यासारखं बोलावं असं त्याच्या मनात होतं. येताना वाटेत त्यानं ते जुळवलंही होतं. तिच्याशिवाय आपल्याला काहीच येत नाही, चटईची ती दुपार आपल्याला जगू देत नाही, असं बरंच. पण तिच्यासमोर बसल्यावर तोंडून निघालं ते भलतंच. गळणारा नळ दुरुस्त केला. मुलीचा पगार लांबला. खिडकीतल्या झाडाला नवीन पान फुटलंय, उद्या कुंडी फिरवून ठेवतो म्हणजे तुला दिसेल. ती "हं, हं" करत होती. दोन वेळा आवळली, दोन्ही वेळा ओठ चावून गप्प राहिली.

"आणखी बोला," ती म्हणाली.

"आणखी काय बोलू?"

"काहीही. नुसतं बोलत राहा."

तो बोलत राहिला. गाडीच्या एकेका भागाची नावं सांगत राहिला, तो भाग चेपला की कसा काढायचा ते सांगत राहिला. गेली कित्येक वर्षं तिनं हे ऐकलं होतं, तरी ती ऐकत होती. शेवटी औषधानं तिचा डोळा लागला. भोंगा म्हणाला, "येतो." तिनं ते ऐकलं की नाही, त्याला कळलं नाही.

सकाळी तो खोलीत आला तेव्हा त्याचा कान रिकामा होता. त्यानं कानाकडं बोट दाखवलं, मग दोन्ही हात हलवले. गेलं. बिघडलं.

बायकोचे ओठ हलले. दुरुस्तीला द्या, असं काहीतरी.

त्यानं मान हलवली. बादलीत पडल्याची खूण केली. मशीनवाला नाही म्हणाल्याची खूण केली. त्याचं नाटक इतकं वाईट होतं की दारात उभी असलेली मुलगी पुढं आली नसती तर तो तिथंच पकडला गेला असता. पाण्यात मशीन पडलं नव्हतं, हे मुलीला माहीत होतं. बापाच्या शर्टाच्या खिशात ते आताही होतं. तिनं एकदा बापाकडं पाहिलं.

"आई, आता नाही होणार ते दुरुस्त," मुलगी म्हणाली. "नवीन यायला खूप दिवस लागतील, मी विचारलं." एवढं बोलून ती घाईनं बाहेर गेली आणि रबर लावलेलं दार तिनं मागं लोटून घेतलं.

भोंगा चहाचा कप आणि चमचा घेऊन पलंगाशी बसला. बायको त्याच्याकडं बघत होती. तिचे ओठ पुन्हा हलले, सावकाश. बहिरा झाल्यापासून त्याला जवळच्या माणसांचे ओठ वाचायची सवय होती, आणि हे ओठ तर त्याला पाठ होते. ती म्हणत होती, खोटं बोलताय ना?

त्यानं भुवया वर केल्या, कानाशी हात नेला आणि बावळटासारखा चेहरा केला. काय म्हणालीस?

ती बघत राहिली. त्यानं चेहरा हलू दिला नाही. जन्मात त्याला कधी खोटं बोलता आलं नव्हतं. कारण जे काय असेल ते तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. आता मात्र तोंडाच्या एका सुरकुतीवर सगळं अवलंबून होतं. आतून त्याला हंबरडा फोडावासा वाटत होता.

बऱ्याच वेळानं तिनं मान नाही अशी हलवली. काही नाही म्हणून. मग डोळे मिटले. तिच्या बोटांनी चादर सोडली. ओठ उघडले, आणि घशाची खळी खालीवर व्हायला लागली. श्वासागणिक, एकसारखी.

खोलीत भोंग्याला काहीच ऐकू येत नव्हतं. पण तो आवाज कसा असतो हे त्याला आता माहीत झालं होतं, आणि मशीन काढलं म्हणून ते माहीत असणं काढून टाकता येत नव्हतं.

त्यानं चमच्यात चहा घेतला आणि त्यावर फुंकर मारली. तिची खळी हलत होती तोवर चमचा पुढं नेला नाही. चमचा परत कपात रिकामा केला, पुन्हा भरला, पुन्हा फुंकर मारली. चहा कधीच गार झाला होता. तो फुंकर मारत राहिला.